नामाचा सातबारा

माणसाची जात विचारू नये असे ज्या शाळेत पहिल्या तासाला शिकवत, त्याच शाळेत दुसऱ्या तासाला शब्दांच्या जाती विचारत. त्या आठ असत आणि त्यांतली पहिली जात नामाची. नामाच्या पोटात पुन्हा पोटजाती. मराठीच्या बाईंनी तीन सांगितल्या : सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम. आम्ही त्या घोकून जरा कुठे निवांत होतो, तोच पाचवीत इंग्रजी सुरू झाले आणि वर्ष-दोन वर्षांत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर पाच लिहिल्या. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल आणि ॲबस्ट्रॅक्ट. म्हणजे दोन पोटजाती जास्तीच्या. सोने आणि दूध ही मराठीत साधी सामान्यनामे. समुद्रापलीकडे गेल्याबरोबर त्यांची पंगत वेगळी. कळप, घोळका, जमाव, टोळी हे लोक मराठीत सामान्यनामांच्या डब्यात दाटीवाटीने उभे. इंग्रजीत त्यांना 'कलेक्टिव्ह' अशी पाटी लावलेला स्वतंत्र डबा.

"बारामती कुठलं नाम?" सरांनी विचारले.

"प्रॉपर नाउन!" वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, बारा हे विशेषण आणि मती हे भाववाचक नाम. दोघं एकत्र आल्यावर प्रॉपर कसे काय झाले?"

सरांनी त्याला खाली बसायला सांगितले. तो पोरगा पुढे वकील झाला, यात मला तरी नवल वाटले नाही.

प्रॉपर नाउनची खूण म्हणून सरांनी कॅपिटल अक्षर दाखवले, तेव्हा आपली देवनागरी किती समतावादी आहे ते कळले. आपल्याकडे मोठे अक्षर नाही आणि लहानही नाही. राजाचा 'र' आणि रताळ्याचा 'र' एकाच मापाचे. त्यामुळे 'प्रकाश गेला' असे कोणी लिहिले, तर वायरमनला फोन करायचा की एसटी स्टँडवर शोधायला जायचे, हे पुढचे-मागचे वाक्य वाचून ठरवावे लागते. 'आशा सोडली' म्हटले तर माणूस निराश झाला की कोणाला घरी पोचवून आला, तेही कळत नाही. इंग्रजाला हा घोळ नाही. त्याचे विशेषनाम गर्दीतसुद्धा टोपी घालून उभे असते.

पुढे मी कॉमर्सला गेलो. तिथे कॅपिटल म्हणजे भांडवल. विशेषनामाला कॅपिटल लागते, सामान्यनामाला लागत नाही, हा नियम शाळेत नुसता पाठ होता. बँकेत कर्जविभागाच्या खुर्चीवर बसल्यावर तो समजला.

तशी नावाशिवाय काम भागवण्याची आमच्या भागाला जुनी सवय आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहिले आणि इथेच गेले. त्यांनी एकशे आठ रामायणे लिहिली असे सांगतात. त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. आता गंमत बघा. 'राम' या शब्दात 'म' आहे. म्हणजे रामायण पुरे करायचे, पण रामाचे नाव घ्यायचे नाही! स्वतःच्या गावाचे नाव घालायची सोय तर मुळीच नव्हती; त्यात 'ब'ही आहे आणि 'म'ही. पंडितांना यात कवीचे कौशल्य दिसते. मला मात्र यात आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या बाईची रोजची कसरत दिसते. नवऱ्याचे नाव न घेता तिने पन्नास-पन्नास वर्षे संसार केलेला असतो.

इंदापूरच्या शाखेत असताना निमगाव केतकीकडच्या एक आजी पेन्शनच्या कामाला आल्या होत्या. कॉम्प्युटरला त्यांच्या नवऱ्याचे नाव हवे होते.

"आजी, आजोबांचं नाव सांगा."

"महादेवाचं हाय."

"कुठलं पण? शंकर?"

"न्हाई."

"शंभू?" रांगेतून एकाने विचारले.

"न्हाई रं बाबा."

मग सगळी रांगच त्या कामाला लागली. सदाशिव झाले, उमाजी झाले, एकाने तर केदारनाथापर्यंत मजल मारली. शेवटी पाठीमागून कोणीतरी "निळकंठ!" म्हणाले आणि आजींनी पदर पुढे ओढला. म्हातारी लाजली, म्हणजे उत्तर बरोबर. मी ते टाइप केले. कॉम्प्युटर लाजत नाही, त्यामुळे त्याने पुढचा प्रश्न विचारला.

आणि नवरे तरी कुठे नाव घेत होते? आमच्या आजोबांच्या पिढीत बायकोला 'कुटुंब' म्हणत. 'आमचं कुटुंब जरा आजारी आहे' म्हटले की ऐकणाऱ्याने सात माणसांना ताप आला असे समजायचे नाही. एकच बाई झोपून आहे असे समजायचे. दुसरा शब्द 'मंडळी'. 'मंडळी माहेरी गेली आहेत.' माणूस एक, शब्द समूहवाचक आणि क्रियापद अनेकवचनी. इंग्रजी व्याकरणकाराला हे वाक्य दिले असते तर त्याने दोन दिवस सुट्टी काढली असती. विशेषनाम घ्यायची लाज वाटते म्हणून एका माणसावर अख्खे समूहवाचक नाम पांघरायचे, ही युक्ती तिकडे कोणाला सुचलेली नाही.

तिकडची समूहवाचक नामे हा तर स्वतंत्रच विषय. शाळेतल्या गाइडात ती शेवटच्या पानावर यादीने असत. सिंहांचा 'प्राइड', बदकांचा अमुक, मधमाश्यांचा तमुक. आम्ही ती घोकली. बारामतीत तेव्हा सिंह फक्त राशिभविष्यात भेटत असे, तरी घोकली. पुढे कळले की या यादीचे मूळ व्याकरणात नाहीच. इंग्लंडात सेंट आल्बन्स गावी १४८६ साली एक पुस्तक छापले गेले. ससाण्यांची शिकार, रानातली शिकार आणि घराण्यांची निशाणे असे त्यातले विषय. खानदानी माणसाने शिकारीला गेल्यावर कुठल्या जनावरांच्या घोळक्याला काय म्हणावे, म्हणजे तो अडाणी दिसणार नाही, याची यादी त्यात होती. लिहिणाऱ्याचा हात पुढे इतका मोकळा सुटला की जनावरे संपल्यावर त्याने माणसे घेतली. न्यायाधीशांच्या घोळक्याला 'सेंटेन्स', म्हणजे शिक्षा. जोगिणींच्या घोळक्याला 'फाजीलपणा' अशा अर्थाचा शब्द. यादीचा बराच भाग ही निव्वळ थट्टा होती. पाचशे वर्षांपूर्वीची थट्टा आम्ही पाच मार्कांसाठी गंभीर चेहऱ्याने पाठ केली.

आमच्या मुलखाला अशी यादी उसनी आणायची गरज नाही. कडब्याची पेंढी, लाकडांची मोळी, भाकरींची चवड, मडक्यांची उतरंड, आंब्यांची अढी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात त्यांचा थवा. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत पुढे जाते तेव्हा तिच्या दिंड्या. दिंडीत तर प्रत्येकाचे विशेषनाम एकच असते, 'माउली'. आणि यांतले काही शब्द जातही बदलतात. 'खिल्लार' म्हणजे मुळात गुरांचा कळप; आता ते एका जातिवंत बैलाचे नाव झाले आहे. भीमेच्या काठचा मुलूख तो 'भीमथडी', बारामती-दौंडचा हा टापू. ते विशेषनाम इथल्या तट्टांना चिकटले आणि मराठ्यांचे घोडदळ त्यांच्यावर बसून दूरदूर फिरून आले. अलीकडे सरकारनेही देशी घोड्यांच्या यादीत 'भीमथडी' नाव नोंदवून घेतले. म्हणजे शब्दांच्या जाती जन्मावर ठरत नाहीत. कोण वापरतो आणि कशासाठी, यावर ठरतात. हे एवढे सगळे लांबण लावायचे कारण की असाच एक शब्द आमच्या इंदापुरात जात बदलून बसला, आणि त्याची किंमत फार लोकांना मोजावी लागली.

पण आधी व्याकरणाचे साल सांगतो. इंग्रजी शाळांतून तेव्हा लिंडले मरे या गृहस्थांचे १७९५ चे व्याकरण चालत असे. मरेसाहेबांनी नामाचे ठळक प्रकार दोनच धरले, कॉमन आणि प्रॉपर. समूहवाचक नामाची आठवण त्यांना पुढे क्रियापदाशी गाठ पडल्यावर झाली. 'पुष्कळांचा अर्थ दाखवणारे नाम' एकवचनी चालवावे की अनेकवचनी, हा पेच. त्याचा निकाल असा : समूह एकदिलाने काही करीत असेल तर क्रियापद एकवचनी, समूहातले लोक आपापल्या वाटेने जात असतील तर अनेकवचनी. आमच्या एका शाखेत साहेबांनी इंग्रजीत नोटीस लावली होती, 'स्टाफ इज रिक्वेस्टेड' वगैरे, वेळेवर येण्याबद्दल. युनियनचे एक कार्यकर्ते 'स्टाफ आर' हवे म्हणून अडून बसले. साहेबांनी नियम सांगितला की सगळे एकजुटीने काम करीत असले तर 'इज'. तेव्हा हेडकॅशिअर चष्मा पुसत म्हणाले, "मग साहेब, आपल्याकडे 'आर'च बरोबर."

मराठीला हा इंग्रजी आराखडा समोर ठेवून पहिले मोठे व्याकरण मिळाले ते १८३६ साली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ते लिहिले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. लोक त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात. मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ यायला पुढे १९११ साल उजाडले. दामले म्हणजे केशवसुतांचे भाऊ. एका घरात एकाने भाषा मोडून दाखवली आणि दुसऱ्याने ती जोडून दाखवली. असो.

तर १८३६. मुंबईत दादोबा मराठी नामांची वर्गवारी छापून काढीत होते, आणि त्याच सुमाराला इंदापुरात दोन इंग्रज उन्हातान्हात साखळ्या ओढीत मराठी माणसांची वर्गवारी करीत होते. एक गोल्डस्मिड, मुलकी खात्याचा. दुसरा लेफ्टनंट विंगेट, इंजिनिअर.

त्यांना इंदापुरात यावे लागले त्याचे कारण त्यांच्याआधीचा एक विद्वान. पेशवाई १८१८ ला बुडाली. १८२७ ते १८३० या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी करून सारा ठरवला. हा हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला. रिकार्डो नावाच्या पंडिताने जमिनीचा खंड कसा उत्पन्न होतो याचा सिद्धांत मांडला होता, तो याने भीमेच्या काठी आणून लावला. पिकातून खर्च वजा जाता जे उरते त्यावर सारा. कागदावर हिशेब झकास. पण मोजण्या चुकलेल्या, उतारे मनचे, आकार जबर. इंदापूरच्या कोरड्या माळावर खर्च वजा जाता काय उरते, हे कुठल्याही धनगराने फुकटात सांगितले असते. लोकांनी जमिनी टाकल्या आणि कित्येक जण शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. कॉमर्सचा पदवीधर या नात्याने मला यात एकच समाधान आहे. नुसता सिद्धांत शिकून माणूस खेड्यात आला की काय होते, याचा पहिला अनुभव इंदापूरला आमच्या शाखेमुळे आलेला नाही.

गोल्डस्मिड १८३५ मध्ये आला, पाठोपाठ विंगेट. त्यांनी रिकार्डोला रजा दिली. एकेक शेत मोजले, त्याला नंबर दिला, मातीचे नऊ वर्ग केले, पूर्वी प्रत्यक्षात वसूल काय होत होता ते पाहिले आणि सारा उतरवला. वर तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. १८३६ पासून हा आकार लागू झाला. पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज तुमच्या-माझ्या तोंडी सर्व्हे नंबर आहे, तेहेतीस फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आहे, त्या सगळ्या वंशावळीची मूळ गादी इंदापूरला. या पद्धतीचे नाव 'रयतवारी'. पंढरीच्या वारीशी तिचा संबंध नाही. इथे 'वारी' म्हणजे प्रत्येकी, एकेकाचा वेगळा हिशेब.

आणि इथेच तो शब्द अडकला.

'रयत' हा शब्द मुळात अरबी. ज्या धातूपासून तिकडे मेंढपाळाचा शब्द झाला, त्याच धातूपासून हा. रयत म्हणजे राखायचा, चारायचा कळप. त्यावरून राजाची प्रजा. मराठीत आला तो समूहवाचक म्हणूनच आला, आणि तोही एकवचनी. 'रयत सुखी आहे', 'रयत गांजली'. 'एक रयत आली, दोन रयती गेल्या' असे मराठीत कोणी म्हणत नाही. जुन्या कागदांत मोकदमाच्या, म्हणजे पाटलाच्या, जोडीला 'समस्त रयत' असे. कुठे 'समस्त पांढरी' असे. पांढरी म्हणजे गावठाणाची पांढरी माती, आणि तिच्यावर राहणारे सगळे गाव. सरकारचे देणे पुष्कळदा असे गावाच्या अंगावर. पाटील दरबारात जाऊन घासाघीस करणार आणि आत गावात कोणावर किती हे ठरणार. त्यात अन्याय नव्हता असे मी म्हणत नाही. पाटलाचा मेहुणा कमी भरत असणार आणि गरीब उपरी जास्त. पण देणेकरी हा समूह होता.

इंग्रजाने हा शब्द उचलला आणि त्याचा 'रायट' केला. अ रायट, टेन रायट्स. कळपाचा अर्थ गेला, एक सुटा शेतकरी उरला. १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला, त्यात हा सगळा प्रवास नोंदलेला आहे : आधी चरणारा कळप, मग प्रजा, मग एकेकटा जमीन कसणारा. कोशकाराने तो चार ओळींत उरकला. इंदापुरात तो प्रवास साखळी आणि खुंट्या घेऊन गावोगाव करावा लागला. कलेक्टिव्ह नाउनचे कॉमन नाउन झाले, आणि लगेच तलाठ्याच्या वहीत नंबरासमोर त्याचे प्रॉपर नाउन लिहिले गेले. शेतकरी 'खातेदार' झाला.

खातेदार हा शब्द आम्हा बँकवाल्यांचा लाडका. नाव आले की खाते आले, खाते आले की तारण आले. ज्या शेताला नंबर आहे, ज्यासमोर एकाच माणसाचे नाव आहे, ते शेत गहाण ठेवता येते. अख्खी पांढरी कोणी गहाण ठेवून घेत नाही. सही कोणाची घेणार? सावकार पूर्वीही होता, पण आता त्याच्यासमोर सुटा माणूस आला. त्यात १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. शेतकऱ्याचे भले व्हावे म्हणूनच ती ठरवली. सावकाराने एवढेच केले की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेतला. आमच्या भाषेत याला कर्जाचे नूतनीकरण म्हणतात. चहा मागवून करतात.

मग अमेरिकेत यादवी लागली. १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. यादवी संपली, भाव पडले. बरोबर त्याच वेळी इंदापूरची तीस वर्षांची हमी संपली. १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि नव्या आकारण्यांत काही ठिकाणी सारा पन्नास टक्क्यांवर चढला. सावकारांनी हात आखडला. शेतकऱ्याजवळ उरले काय? वहीत स्वतःचे नाव, आणि तेही ज्याला वाचता येत नव्हते असे.

१२ मे १८७५. ठिकाण सुपे, आजच्या बारामती तालुक्यातले बाजाराचे मोठे गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. धान्य लुटले, कापड लुटले, काही घरे पेटवली. पण मुख्य मागणी एकच होती : वह्या आणि रोखे बाहेर काढा. ते मिळाले की चौकात जाळायचे. पुढे दोन महिने हे लोण पसरत गेले, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही पोचले. (आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे, विशेषनाम तेवढे पक्के असते असे समजू नये.) तीसहून अधिक गावांत हेच घडले. याला इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

मी यावर बऱ्याचदा विचार करतो. रोख्यात जाळण्यासारखे होते तरी काय? कागद, शाई, एक आकडा आणि एक नाव. सुप्याच्या चौकात विशेषनामांची होळी झाली. चाळीस वर्षांपूर्वी कळपातून एकेकाला वेगळे काढून त्याच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधली होती. त्या दिवशी चिठ्ठ्या जाळून कळप पुन्हा एक झाला. मरेसाहेबांना 'मॉब वॉज' की 'मॉब वेअर' असे विचारले असते, तर त्या दिवसापुरते तरी 'वॉज' असेच सांगावे लागले असते. पोलिसांची मात्र पंचाईत. जमावाला बेड्या घालता येत नाहीत, त्याला प्रॉपर नाउनच लागते. ती मग गावोगाव फिरून गोळा करण्यात आली.

सरकारने चौकशी नेमली, १८७८ मध्ये तिचा अहवाल विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कोर्टाने नुसता रोखा न पाहता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास पाहावा, रोख्यांची नोंदणी व्हावी, असे त्यात होते. कायदा चांगलाच होता. सावकारांनी त्याच्यातून वाट काढली, हेही खरे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे जुने झाले. झाले खरे. पण २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची, २०१९ ची, या तिन्ही वेळी मंत्र्यांच्या भाषणात 'शेतकरी' होता आणि आमच्या काउंटरवर आला तेव्हा त्याचे स्पेलिंग होते. माफी होते समूहवाचक नामाची आणि जमा व्हायची असते विशेषनामाच्या खात्यात. सातबाऱ्यावर 'भीमराव', पासबुकात 'भिमराव', तिसऱ्या कागदावर नुसते 'भीमा'. माणूस समोर उभा, तोच अंगठा, तीच मिशी. पण ऱ्हस्व-दीर्घाने लाखाची रक्कम अडवून धरलेली. बाईंनी शाळेत शुद्धलेखनाला इतके महत्त्व का दिले, ते अशा वेळी कळते.

त्या दंग्यांनंतर लगेच मोठा दुष्काळ पडला आणि मग १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पाणी बारामतीत आले, पुढे इंदापुरात उतरले. पाण्यामागून ऊस आला. १९३० नंतर कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी कारखाना काढला आणि माणसाच्या नावाचे गाव झाले, वालचंदनगर. त्यानंतर सहकारी कारखाने. जिथे मेंढरे चरत होती तिथे उसाचे फड उभे राहिले. आज आमच्या शाखेतला खातेदार मोटारीतून उतरतो. त्याच्या नावाला कॅपिटल लागले. आनंद आहे.

पण ऊस आपोआप तुटत नाही. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात. टोळी हे समूहवाचक नाम. टोळीचा प्रमुख तो मुकादम. जुन्या कागदातला 'मोकदम' तो हाच शब्द. पूर्वी गावाचा पुढारी, आता तोडीच्या मजुरांचा कंत्राटदार. तो हंगामाआधी उचल देतो, आणि ती उचल फेडण्यासाठी माणसे सहा महिने फडात राबतात. आणि ही उचल देतात कोणाला? माणसाला नाही. 'कोयत्या'ला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. जोडीतला एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत 'दहा कोयते' लिहिले असले, तर तो विळ्या-कोयत्यांचा स्टॉक नसतो. ती वीस माणसे असतात. मी व्याकरणाची पुष्कळ पुस्तके चाळली, पण दोन जिवंत माणसांना एका अवजाराचे नाव देणाऱ्या नामाला कुठल्या डब्यात बसवायचे, ते एकाही पुस्तकात नाही. मोळी तो बांधतो, वाहून ती नेते, आणि हिशेब कोयत्याचा. रोख्यावर निदान नाव होते. ते जाळता तरी येत होते.

गेल्या हंगामात असा एक कोयता आमच्या शाखेत आला. खाते काढायचे होते, दोघांच्या नावाने. बाईनेच पुढे होऊन अर्ज मागितला. तो मागे टोपी हातात धरून उभा.

"धंदा काय?" मी विचारले.

"कोयता," तो म्हणाला.

"आणि यांचा?"

"आवो सायेब, त्योच की. एकच कोयता हाय."

कॉम्प्युटरला हे चालत नव्हते. त्याला दोन माणसांचे दोन धंदे हवे होते. मी दोन्ही चौकटींत 'ऊसतोड मजूर' लिहिले आणि बाईकडे वळलो.

"ताई, तुमचं नाव?"

तिने नाव सांगितले. वडिलांचे सांगितले, माहेरचे आडनाव सांगितले, आधी मागितले नव्हते तरी गाव, तालुका, जिल्हा सांगितला. काळजीने बघत राहिली मी काय टाइप करतो ते. मी वाचून दाखवले. "वेलांटी दुसरी," ती म्हणाली. "शाळंत मास्तर दुसरी द्यायचे." मी दुसरी दिली.

"आता नवऱ्याचं नाव सांगा."

तिने पदराचे टोक तोंडाला लावले.

"त्ये हितं हुबं हायेत की," ती म्हणाली. "त्यास्नीच इचारा."